दारामागचं रीडिंग

बारावीला आमच्या बॅचमधल्या सगळ्यांचं रीडिंग दशांशापर्यंत एकच यायचं. कुणाचा हात थरथरला, कुणी द्रावण जास्त ओतलं, कुणी सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसलं, तरी जर्नलमध्ये आकडा एक. नऊ पूर्णांक सात म्हणजे सगळ्यांचं नऊ पूर्णांक सात.

प्रयोग तसा सोपा. खुणा असलेली एक लांब उभी काचनळी असते, तिला ब्युरेट म्हणतात. तिच्यात परमँगनेटचं जांभळं द्रावण भरायचं. खाली फ्लास्कमध्ये दुसरं, जवळजवळ रंग नसलेलं द्रावण पिपेट नावाच्या बारीक नळीनं मोजून घ्यायचं. मग वरून थेंब थेंब सोडत राहायचं. पडलेला थेंब विरून जातो, पुढचाही विरतो, आणि मग एक थेंब असा येतो की फ्लास्कमधली गुलाबी छटा जात नाही. तिथं थांबायचं आणि किती द्रावण खर्च झालं ते वाचायचं. हे तीनदा करायचं आणि तिन्ही आकडे जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर गुण गेले.

गुण जाणं परवडणारं नव्हतं. आम्ही बी ग्रुपवाले, म्हणजे मेडिकलला जाण्याच्या इराद्यानं बसलेले. मेडिकलला नंबर लागायचा तो भौतिक, रसायन आणि जीव या तीन विषयांच्या बेरजेवर, आणि प्रॅक्टिकलचे गुण त्या बेरजेत असायचे. एक-दोन गुणांच्या फरकानं माणसं मिरजेच्या मेडिकल कॉलेजला जायची किंवा इथंच कोल्हापुरात बी.एस्सी.ला राहायची.

आकडा यायचा दारामागून. प्रयोगशाळेला लागून तराजूची खोली होती. तिच्या दाराच्या आतल्या बाजूला, खाली बिजागरीजवळ, खडूनं बारीक अक्षरात एक आकडा लिहिलेला असायचा. वजन करायला म्हणून एकेक जण आत जायचा आणि आकडा बघून बाहेर यायचा.

‘‘दार काय म्हणतंय?’’ माझी पार्टनर आतून येणाऱ्याला विचारायची.

‘‘नऊ सात.’’

‘‘पावणं, नीट बघून सांगा. मागच्या खेपेला एकाचं नऊ वाचून आलतासा.’’

पार्टनर म्हणजे एकाच ब्युरेटवर दोघी. ती मलकापूरची. वडील तिथल्या स्टँडजवळ शिवणकाम करायचे. कोल्हापुरात ती मंगळवार पेठेत खालाकडं, म्हणजे मावशीकडं राहायची. घरात तिच्यासाठी एक करार झाला होता आणि तो तिनं मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकला होता: परीक्षेला एकदा बसायचं. नंबर लागला तर मिरजेला जायचं. नाही लागला तर परत मलकापूर, आणि पुढचं काका ठरवणार. काकांनी काय ठरवलं असेल ते तिला माहीत होतं. मुलगा रत्नागिरीचा होता.

‘‘तुझं स्वतःचं रीडिंग किती आलं?’’ मी तिला एकदा विचारलं.

‘‘माझं? तीन आल्यात. दहा दोन, दहा सहा, दहा. कुठलं पायजे ते घे.’’

‘‘आणि लिहिणार नऊ सात?’’

‘‘मग काय माझी तिन्ही लिव्हून नापास हूऊ?’’

मी माझी तिन्ही लिहिली. दहा चार, दहा एक, दहा पाच. जर्नलवर लाल शेरा आला: पुन्हा करा. मी पुन्हा केलं आणि पुन्हा न जुळणारे तीन आकडे लिहिले. पार्टनर म्हणाली, ‘‘तू घरात पत्रकं खातीस काय गं भाकरीबरोबर?’’

तिचं फार चुकत नव्हतं. माझे वडील लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवायची, ओळीवर ओळ रचून पान बांधायचं, हे त्यांचं काम. आणीबाणीची वर्षं सोडली तर तो छापखाना मुख्यतः पत्रकांवर चालायचा: सभा, मोर्चे, संप, निषेध. छपाईत बिघडलेले कागद वडील घरी आणायचे. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी. कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले आणि छापलेल्या बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे जगात दोन पक्ष असतात आणि त्यातला एक खोटा असतो, हे मला फार लवकर कळलं होतं. डॉक्टर व्हायचं हेही तिथूनच आलं. वडिलांचे एक सहकारी घरी येऊन म्हणाले होते, ‘‘आपल्यात वकील लई झाले. एक डॉक्टर हू दे.’’ मी नववीत होते. मी हो म्हणाले.

दिवाळीनंतर मी पत्रक लिहिलं. मथळा होता ‘दारामागचे रसायनशास्त्र’. विद्यार्थी न मोजलेले आकडे लिहितात, शिक्षक त्यांवर सही करतात, आणि उद्या हेच लोक रोग्याच्या अंगात सुई खुपसणार आहेत, असा मजकूर होता. चौथ्या परिच्छेदात मी लिहिलं की प्रयोगशाळेतले सर हा आकडा आपल्या मर्जीतल्या, बड्या घरच्या मुलांच्या सोयीसाठी लिहितात.

वडिलांनी मजकूर खिळ्यांच्या पेटीशेजारी ठेवला आणि उभ्यानं वाचला. दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केलं. मग विचारलं, ‘‘त्या सरांना विचारलंस?’’

‘‘काय विचारायचं?’’

‘‘असं का करता म्हणून.’’

‘‘आबा, मालकाला विचारून संप करतात काय तुमच्यातले?’’

‘‘निवेदन देतात की आधी,’’ वडील म्हणाले. मग त्यांनी मथळा किती मोठा हवा ते विचारलं.

पत्रक पिवळ्या कागदावर छापलं गेलं. सकाळी पहिल्या तासाआधी मी एकटीनं कॉलेजच्या फाटकात उभं राहून वाटलं. हातातला गठ्ठा अर्ध्या तासात संपला. प्राचार्यांच्या टेबलावर एक प्रत गेली, एक शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर लागली. दुपारी शिपायानं तराजूच्या खोलीचं दार ओल्या फडक्यानं पुसलं. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: यापुढे प्रत्येक विद्यार्थी स्वतःचेच रीडिंग लिहील, आणि प्रयोगशाळेतले सर बारावीच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या कामात नसतील. मला वाटलं, आपण जिंकलो. तसं मी घरी सांगितलंही.

पुढच्या मंगळवारी वीस टेबलांवर साठ आकडे आले आणि दोन टेबलं सोडली तर कुठंच तीन जुळले नाहीत. वर्गात माझ्याशी कुणी बोललं नाही. पार्टनर बोलली.

‘‘झालं समाधान?’’

‘‘आकडे निदान खरे तरी आहेत.’’

‘‘ह्ये खरे? दहा दोन, दहा सहा. एकाच बाटलीतलं द्रावण हाय ह्ये. एकाच बाटलीत दोन खरं कशी असतील, सांग की.’’

मी बाटलीवरची चिठ्ठी वाचून बघितली.

त्या आठवड्यात सरांनी मला तराजूच्या खोलीत बोलावलं. चाळिशीचा माणूस, गगनबावड्याकडचा. बोटांची टोकं वर्षानुवर्षांच्या कामानं तपकिरी झालेली. ते रागावतील म्हणून मी उत्तरं तयार करून गेले होते. ते रागावले नाहीत. त्यांनी आमच्या टेबलावरचं ब्युरेट आणलं होतं. त्याच्या खालच्या टोकाला रबराची नळी होती आणि नळीवर थेंब सोडायचा-थांबवायचा चिमटा. सरांनी नळी काढली, कात्रीनं उभी कापली आणि उलगडून माझ्यासमोर धरली. आतून ती तपकिरी, खरबरीत झाली होती. बोट लावलं तर चिकटत होतं.

‘‘परमँगनेट रबर खातंय,’’ ते म्हणाले. ‘‘आणि रबर परमँगनेटला खातंय. दोघं एकमेकाला खातात, आणि मधल्यामधी तुमचं रीडिंग मरतंय. ह्येला काचेची तोटी लागती. काचेच्या तोटीची दोन उरल्यात. टेबलं किती हाईत?’’

‘‘वीस.’’

‘‘मग?’’

‘‘मग वर सांगायचं.’’

त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. प्रत्येक जूनमधल्या मागणीपत्राची कार्बन प्रत तिच्यात लावलेली होती. काचेच्या तोटीची ब्युरेट, नग वीस. मजकूर दरवर्षी तोच होता, खालची सही तेवढी वर्षागणिक आखूड होत गेली होती.

‘‘मी सकाळी लवकर येतो. चांगल्या ब्युरेटनं चार-पाच डाव काढतो. जो आकडा येतोय त्यो खरा आकडा. त्यो दारावर लिव्हतो. ह्यात खोटं कुठलं?’’

‘‘पण तो मुलांनी काढलेला नसतो.’’

‘‘न्हाईच,’’ ते म्हणाले. ‘‘पण खरा असतोय. आणि बड्या घरची पोरं कुठली गं? तुमच्या बॅचला एक तरी हाय काय?’’

हे मी इथं सरळ लिहिते. जो आकडा मी मोजला नाही तो माझ्या अक्षरात माझ्या जर्नलमध्ये असणं हे खोटं आहे, असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. त्याबद्दल मी कुणाची माफी मागितलेली नाही. पण चौथा परिच्छेद मी बनवला होता. बड्या घरची मुलं मी पाहिली नव्हती, कुणी मला सांगितलंही नव्हतं. मी वाचलेल्या प्रत्येक पत्रकात चौथ्या परिच्छेदात कुणाचा तरी फायदा होत असायचा, म्हणून मी तो लिहिला. त्या परिच्छेदामुळे सर परीक्षेच्या कामातून गेले होते. बाकीच्या मजकुरामुळे फार तर दार पुसलं गेलं असतं.

मी या खेपेला निवेदन लिहिलं. काचेच्या तोटीची वीस ब्युरेट मिळावीत, सरांवरचा आरोप मी मागे घेते, अशा दोन गोष्टी, दोन वेगळे कागद. प्राचार्यांनी पहिला कागद वाचून ‘‘परीक्षेनंतर बघू’’ म्हटलं. दुसरा वाचून म्हणाले, ‘‘छापलेलं मागं कसं घेणार? ते आता गावभर झालं.’’ दुसरं पत्रक काढून वाटावं असं माझ्या मनात आलं, आणि मी काढलं नाही. परीक्षा तोंडावर होती. कारण एवढंच होतं, आणि ते पुरेसं नव्हतं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी टेबलं चिठ्ठ्या टाकून मिळाली. मला काचेच्या तोटीचं आलं. पार्टनरला समोरच्या रांगेतलं, रबराच्या नळीचं. तिनं चिठ्ठी उघडली, टेबलाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं नाही.

बाहेरून आलेले परीक्षक उंच, शांत गृहस्थ होते. त्यांच्या फाइलीतून माझ्या पत्रकाचा पिवळा कोपरा बाहेर आला होता. सुरुवातीलाच ते म्हणाले, ‘‘इथं दारं बोलतात असं ऐकलं. आज ती बंद राहतील.’’

माझं काम तासाभरात झालं. तीनदा केलं, तिन्ही वेळा एकच आकडा आला. वर्षभरात असं पहिल्यांदाच होत होतं, आणि मला जाणवलं की यात हाताचा भाग फार थोडा आहे. समोर पार्टनर चौथं रीडिंग घेत होती. तिच्या ब्युरेटच्या टोकाला येणारा थेंब जांभळा नव्हता, मळकट होता. तिनं आकडा लिहिला, खोडला, फ्लास्क धुतला आणि पाचव्यासाठी पिपेट उचलली. आमच्याकडं पिपेट तोंडानंच ओढायचे. ती ओढताना तिचं लक्ष घड्याळाकडं होतं.

मी परीक्षकांकडं गेले.

‘‘सर, समोरच्या टेबलावरचं ब्युरेट रबराच्या नळीचं आहे. परमँगनेटला ते चालत नाही. माझं काचेचं मोकळं झालंय, ते तिला द्यावं.’’

‘‘त्यांनी तक्रार केली?’’

‘‘नाही.’’

‘‘मग तुम्ही कोण?’’

‘‘तिची पार्टनर.’’

‘‘परीक्षेत पार्टनर नसतो.’’ त्यांनी माझा बैठक क्रमांक बघितला आणि फाइल उघडली. ‘‘हे पत्रक तुम्ही काढलंत?’’

‘‘हो.’’

‘‘यात म्हटलंय, प्रत्येकानं स्वतःचं रीडिंग लिहावं. त्या लिहितायत ना?’’

‘‘ब्युरेटच चुकीचं असेल तर स्वतःचं रीडिंग चुकीचं येतं, सर.’’

‘‘हे पत्रकात नाही.’’

‘‘नाही. तेव्हा मला माहीत नव्हतं.’’

सगळी बॅच ऐकत होती. परीक्षक उठले, तिच्या टेबलाजवळ गेले, नळी दोन बोटांत दाबून बघितली, टोकाचा थेंब कागदावर घेतला. ते रसायनशास्त्राचे होते. त्यांना सांगावं लागलं नाही. ‘‘ब्युरेट बदला,’’ ते तिला म्हणाले. ‘‘वेळ वाढवून मिळणार नाही.’’

वीस मिनिटं उरली होती. ब्युरेट धुवायचं, द्रावणानं विसळायचं, भरायचं, हवेचा बुडबुडा काढायचा, आणि मग तीन रीडिंग. मी तोंडी परीक्षेच्या रांगेत उभी होते. तिथून तिचं टेबल सरळ दिसायचं. तिनं पिपेट तोंडाला लावली. रंग टिकला, तिनं वाकून आकडा वाचला आणि लिहिला. पुन्हा पिपेट तोंडाला लावली. दुसरं झालं तेव्हा घंटा व्हायला जेमतेम मिनिटभर होतं. तिनं फ्लास्क खाली ठेवला, पेन उचललं आणि तक्त्यात तिसऱ्या रकान्यात लिहिलं. पेन अजिबात थांबलं नाही.

बाहेर सायकल स्टँडजवळ नळ होता. ती हाताचे डाग धूत होती.

‘‘तिसरं न्हाई केलं मी.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘बघत हुतीस व्हय?’’

‘‘पिपेट दोनदाच उचललीस.’’

‘‘मोजलंस,’’ ती म्हणाली. ‘‘तू पोलिसात जा. मेडिकलला कशाला जातीस?’’ मग तिनं नळ बंद केला. ‘‘पैली दोन तंतोतंत आलती. तिसऱ्याला त्येच लिव्हलं. आता काढ पत्रक. मथळ्यात माझं नाव घाल.’’

परीक्षक अजून आत होते. प्रयोगशाळेचं दार तिथून वीस पावलांवर असेल. ती माझ्याकडं बघत होती, आणि ती माफी मागत नव्हती. मी आत जाणार की नाही एवढंच तिला कळायला हवं होतं, कारण त्याप्रमाणे तिला मलकापूरला काय लिहायचं ते ठरवायचं होतं.

‘‘परवा झुरळ आहे,’’ मी म्हणाले. जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला झुरळाच्या लाळग्रंथी काढून दाखवाव्या लागत. ‘‘माझ्याकडं ये सराव करायला. डबीत चार आहेत.’’

‘‘जिती?’’

‘‘दोन जिवंत आहेत.’’

‘‘मेलेली तू घे,’’ ती म्हणाली.

निकाल लागला. तिचा मिरजेला नंबर लागला, यादीत बरीच खाली, पण लागला. त्या तिसऱ्या रकान्याचा त्यात किती भाग होता हे कुणालाच सांगता येणार नाही. माझा लागला नाही. घरी येणाऱ्या वडिलांच्या सहकाऱ्यांनी लगेच ठरवलं की पत्रकाचा सूड घेतला गेला. एकानं तर त्यावर सभा घेऊ म्हणून सुचवलं. मी त्यांना गुणपत्रिका दाखवली. रसायनाच्या प्रॅक्टिकलला मला जवळजवळ पूर्ण गुण होते. माझे गुण गेले होते भौतिकशास्त्राच्या लेखी पेपरात, आणि त्याचं कारण मी तो विषय नीट वाचला नव्हता हे होतं. सभा झाली नाही.

जूनमध्ये कॉलेजला काचेच्या तोटीची सहा ब्युरेट आली. वीस मागितली होती. सर प्रॅक्टिकलच्या कामात परत आले. मी बी.एस्सी.ला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं की चौथा परिच्छेद मी मनानं लिहिला होता. ते म्हणाले, ‘‘ते मला वाचतानाच कळलं हुतं. बाकीचं बरं लिव्हलतंस.’’

पार्टनर मिरजेला निघाली त्या दिवशी मी तिला पोचवायला स्टँडवर गेले. तिचे वडील तिकिटाच्या खिडकीशी होते. आम्ही दोघी ट्रंकेवर बसलो होतो.

‘‘तू त्यादिवशी आत गेली असतीस तर मी काय केलं असतं, म्हाईत हाय?’’ तिनं विचारलं.

‘‘काय?’’

‘‘कबूल केलं असतं. न्हाई केलं तिसरं, असं सरळ सांगितलं असतं.’’

‘‘मग नंबर गेला असता.’’

‘‘गेला असता की. पण तुझ्यासमोर मला खोटं बोलता आलं नसतं, आणि त्येचा मला तुझ्यावर लई राग आलता. अजून हाय थोडा.’’

मी म्हणाले, मलाही स्वतःचा आहे. मी आत गेले नाही याचा की जावंसं वाटलं याचा, हे तिनं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. तिच्या वडिलांनी हाक मारली. आमच्याकडच्या मुली म्हणतात तसं ती ‘‘येतो गं’’ म्हणाली, आणि आम्ही दोघींनी मिळून ट्रंक गाडीत चढवली.